रुळाला राखणदार आहे, फुटपाथला कोण?



दर पावसाळ्यात आपल्या शहरांतून एक बातमी नेमाने येते. रस्त्यावर गुडघाभर पाणी होते, चालणाऱ्याचा पाय उघड्या मॅनहोलमध्ये गेला आणि माणूस दिसेनासा झाला. किंवा पाण्यात पडलेल्या विजेच्या तारेवर पाय पडला आणि माणूस जागीच गेला. बातमीच्या शेवटी एक वाक्य असते : नागरिकांनी पावसात चालताना काळजी घ्यावी, असे आवाहन प्रशासनाने केले आहे. आमचा आक्षेप आहे तो या शेवटच्या वाक्यावर. मेलेल्या माणसाला बेसावध ठरवून जिवंत माणसांना शहाणपण शिकवणारे हे वाक्य आम्हाला मान्य नाही.

शहरात पायी कोण चालतो, हे आधी पाहू. रात्री दोन वाजता ड्युटीचा निरोप आला की घरातून निघून लॉबी गाठणारा लोको पायलट आणि गार्ड पायी चालतो. पहिल्या लोकलआधी स्टेशन उघडणारा कर्मचारी पायी चालतो. आरएमएसची रात्रपाळी संपवून पहाटे घरी जाणारी बहीण पायी चालते. आणि पोस्टमन? त्याची तर नोकरीच पायांवर आहे. खांद्याला बॅग, एका हातात टपाल, डोळे घरांच्या नंबरांकडे आणि नावांच्या पाट्यांकडे. त्याने पत्ता वाचायचा की पायाखालचे झाकण तपासायचे? ज्यांच्या मोटारी दारापासून दारापर्यंत जातात, ते फुटपाथचे आराखडे मंजूर करतात. ज्यांचे पाय त्या फुटपाथला लागतात, त्यांना कोणी विचारत नाही.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली. त्यांत ३२ हजारांहून अधिक पादचारी होते. म्हणजे दर पाच बळींत जवळजवळ एक पायी चालणारा. यांतले किती जण फुटपाथ तुटका होता म्हणून वाहनांच्या रस्त्यावर उतरले होते, याचे उत्तर हा आकडा देत नाही. आणि हा हिशेब वाहनांच्या अपघातांचा आहे. गटारात बुडालेला किंवा खांबाला चिकटलेला माणूस त्यात धरलेला नाही.

गेल्या काही वर्षांतल्या घटना पाहा. २९ ऑगस्ट २०१७ रोजी मुंबई पाण्याखाली गेली. एक नामवंत पोटविकारतज्ज्ञ गाडी सोडून पायी घराकडे निघाले आणि एल्फिन्स्टन रोड परिसरात उघड्या मॅनहोलमध्ये वाहून गेले. त्यांचा मृतदेह दोन दिवसांनी वरळीच्या किनाऱ्यावर सापडला. २५ जून २०२३ रोजी नवी दिल्ली रेल्वे स्टेशनच्या आवारात साचलेल्या पाण्यातून जाताना एका शिक्षिकेचा हात विजेच्या खांबाला लागला आणि ती गेली. १९ नोव्हेंबर २०२३ रोजी बंगळुरूच्या व्हाइटफील्ड भागात फुटपाथवर पडलेल्या वीजवाहिनीवर पहाटे पाय पडून एक तरुण आई आणि तिच्या कडेवरचे नऊ महिन्यांचे बाळ, दोघेही गेली. २५ सप्टेंबर २०२४ रोजी मुंबईत अंधेरीच्या सीप्झजवळ पावसात घरी निघालेली एक महिला उघड्या गटारात पडून मेली. २३ ऑगस्ट २०२५ रोजी चेन्नईत पहाटे कामावर निघालेली एक सफाई कामगार महिला रस्त्यावरच्या पाण्यातल्या विजेच्या धक्क्याने गेली. ज्या शहराची घाण ती रोज उचलत होती, त्याच शहराच्या रस्त्याने तिचा जीव घेतला.

शहरे चार, भाषा चार, महापालिका वेगवेगळ्या. पण प्रत्येक ठिकाणी धोका झाकलेला होता, कुठे पाण्याने, कुठे अंधाराने. यांत कोण बेसावध होते? कडेवर लेकरू घेऊन चालणारी आई बेसावध होती?

२०१७ च्या घटनेत पुढे काय झाले तेही ध्यानात ठेवण्याजोगे आहे. पाणी उतरावे म्हणून झाकण उघडल्याच्या आरोपावरून पोलिसांनी चौघा स्थानिकांना अटक केली. वस्तीत पाणी शिरू लागले की लोक झाकण उघडतात, हे मुंबईत कोणाला ठाऊक नाही? मग त्या उघड्या तोंडाशी पहारा ठेवणे, बांबू रोवून लाल कापड बांधणे हे काम कोणाचे होते? झाकणाखाली लोखंडी जाळी आधीच का नव्हती? पालिकेने जाळ्या बसवायला घेतल्या त्या जीव गेल्यावर. जाळी हे काही चंद्रावर जाण्याचे तंत्र नव्हे. ती आधीही बसवता आली असती.

आता आपल्या घरातले उदाहरण घेऊ, कारण या प्रश्नाचे उत्तर आपल्याच हातांनी आपण रोज देत असतो. रेल्वेच्या रुळावर चावीवाला असतो. ठरलेला पल्ला तो रोज पायी चालतो, दोन्ही रूळ पाहतो, ढिली झालेली चावी ठोकून बसवतो आणि काय आढळले त्याची नोंद करतो. पावसाळ्यात पेट्रोलमन रात्री बत्ती आणि फटाके घेऊन गस्त घालतो. रुळाखालची खडी वाहून गेलेली दिसली तर आधी गाडी थांबवायची, मग बाकीचे. मार्ग कमजोर असेल तर आधीच फलक लागतो, चालकाच्या हातात कॉशन ऑर्डर पडते, गाडी हळू चालते. रुळाच्या प्रत्येक तुकड्याला जबाबदार माणूस आहे आणि त्याच्यावर जबाबदार अधिकारी आहे. रूळ तुटला तर पहिला प्रश्न विचारला जातो : हा तुकडा कोणाचा?

फुटपाथवर हा प्रश्न विचारून पाहा. जलवाहिनीचे खाते पाण्याच्या विभागाकडे बोट दाखवील, तो विभाग रस्ते विभागाकडे, रस्ते विभाग वीज कंपनीकडे, वीज कंपनी केबलवाल्याकडे, केबलवाला कंत्राटदाराकडे आणि कंत्राटदार पोटकंत्राटदाराकडे. एकाने खणले, दुसऱ्याने केबल टाकली, तिसऱ्याने वर माती लोटली आणि चौथ्याने पेव्हर ब्लॉक नुसते मांडून बिल उचलले. पहिल्या पावसात खालची माती खचते. वरून फरशी जशीच्या तशी दिसते, पाय पडला की ती उलटते. कापून नेलेल्या खांबाचा चार बोटे उंच लोखंडी खुंट तसाच उभा राहतो. गटारावरची फरशी मधोमध तडकलेली असते. अंध बांधवांसाठी बसवलेल्या पिवळ्या उठावदार लाद्या नेऊन थेट खांबावर आदळवतात. पादचाऱ्याला कॉशन ऑर्डर कोण देतो? शेजारचा दुकानदार. तो बिचारा खड्ड्यात झाडाची फांदी खोचून ठेवतो.

याचे मूळ कामगार चळवळीला नवे नाही. रस्त्याच्या तुकड्याची रोज देखभाल करणारा कायम कामगार काढायचा, काम ठेकेदाराला द्यायचे, ठेकेदाराला पैसे मोजमापावर द्यायचे आणि वर्षभराच्या देखरेखीचे नावही काढायचे नाही, हा जो व्यवहार आहे त्याची फळे फुटपाथवर दिसतात. रस्ता रोज पायी पाहणारा माणूसच ठेवला नाही, तर झाकण नसल्याचे कळणार कोणाला? ते कळते पडणाऱ्याला.

आम्ही फक्त महापालिकांना दोष देऊन आपल्या प्रशासनाला मोकळे सोडणार नाही. २९ सप्टेंबर २०१७ रोजी एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या अरुंद पादचारी पुलावर चेंगराचेंगरीत २३ प्रवासी मेले. तो पूल अपुरा आहे हे रोज त्यावरून जाणाऱ्या प्रत्येकाला दिसत होते. ३ जुलै २०१८ रोजी अंधेरीच्या गोखले पुलाचा पादचारी भाग रुळांवर कोसळला. १४ मार्च २०१९ रोजी सीएसएमटीजवळचा हिमालय पूल पडून सात जणांचा जीव गेला. त्यांत जी. टी. रुग्णालयाकडे रात्रपाळीला निघालेल्या महिला कर्मचारी होत्या. त्या पुलाची तपासणी झालेली होती आणि किरकोळ दुरुस्ती सांगून तो वापरायला योग्य ठरवला गेला होता. अंधेरीत आणि सीएसएमटीला, दोन्ही वेळा रेल्वे की पालिका हा वाद आधी रंगला. खाली ढिगाऱ्यात पडलेल्या माणसाला पुलाच्या मालकाचे काय करायचे आहे?

काही शहाणे म्हणतात, फुटपाथ फेरीवाल्यांनी खाल्ले, तेच खरे धोके. आम्ही असे मानत नाही. फेरीवाला डोळ्यांना दिसतो, त्याच्याशी बोलता येते, त्याच्यासाठी २०१४ चा कायदा आहे आणि त्याप्रमाणे जागा ठरवून देणे हे पालिकेचेच काम आहे. पाण्याखालच्या तोंडाशी बोलता येत नाही. गरिबाला गरिबावर सोडायचे आणि ठेकेदाराला पाठीशी घालायचे, हा जुना डाव आपण ओळखला पाहिजे. दुसरे शहाणे म्हणतात, लोक मोबाईलमध्ये डोके घालून चालतात. घालत असतील. पण डोके वर असले तरी गढूळ पाण्याखालचे भोक दिसत नाही, आणि दिवा बंद असलेल्या रस्त्यावर कोणालाच काही दिसत नाही.

कायदा काय सांगतो? मुंबई महानगरपालिका अधिनियम १८८८ च्या कलम ६१ मध्ये सार्वजनिक रस्त्यांची बांधणी व देखभाल, गटारे आणि दिवाबत्ती ही पालिकेची बंधनकारक कर्तव्ये सांगितली आहेत. बंधनकारक म्हणजे मर्जीची नव्हेत. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शिकेप्रमाणे फुटपाथवर चालायला किमान १.८ मीटर मोकळी रुंदी हवी. आपल्या पोस्टमन बंधूंनी आपापल्या बीटवर एकदा टेप लावून पाहावा. १४ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चालण्यायोग्य फुटपाथ हा घटनेच्या कलम २१ खालील जगण्याच्या हक्काचा भाग असल्याचे सांगितले. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने खड्डे आणि उघडी मॅनहोल यांमुळे मृत्यू झाल्यास वारसांना ६ लाख रुपये, तर जखमींना ५० हजार ते अडीच लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला, आणि ही रक्कम जबाबदार अधिकारी व ठेकेदार यांच्याकडून वसूल करण्यास सांगितले.

या आदेशाचे आम्ही स्वागत करतो. त्यातले मोलाचे कलम वसुलीचे आहे. आजवर भरपाई जनतेच्या तिजोरीतून जात होती, म्हणजे मेलेल्याच्याच करातून मेलेल्याला पैसे. जबाबदार माणसाच्या खिशाला चटका बसेल त्या दिवशी झाकणे जागेवर येतील. पण दोन गोष्टी विसरू नका. हा आदेश मुंबईच्या उच्च न्यायालयाचा आहे. दिल्ली, भोपाळ, सिकंदराबाद किंवा बंगळुरूला नोकरी करणाऱ्या आपल्या मराठी साथींना त्याचा आधार आपोआप मिळत नाही. आणि भरपाई म्हणजे संरक्षण नव्हे. मॅनहोलमध्ये उतरवलेल्या सफाई कामगाराच्या मृत्यूची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये ३० लाखांवर नेली, तरी गटारातले मृत्यू थांबलेले नाहीत. त्याच झाकणाखाली कामगार गुदमरतो आणि त्याच झाकणावरून चालणारा बुडतो. दोघांचा लढा एकच आहे.

म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट आहेत :

१. शहरातल्या प्रत्येक फुटपाथचे पल्ले पाडा. प्रत्येक पल्ल्यासाठी रोज पायी पाहणी करणारा कायम कामगार नेमा, त्याची नोंदवही ठेवा आणि जबाबदार अभियंत्याचे नाव व दूरध्वनी क्रमांक जागेवर फलकावर लावा.

२. प्रत्येक मॅनहोलला झाकणाखाली जाळी बसवा. पावसात झाकण उघडायची वेळ आलीच तर तेथे माणूस उभा करा.

३. पावसाळ्यापूर्वी रस्त्यावरच्या आणि स्टेशन आवारातल्या प्रत्येक विजेच्या खांबाची तपासणी करा आणि तपासणीची तारीख खांबावर रंगवा.

४. खणणाऱ्याने रस्ता पूर्ववत केल्याशिवाय त्याचे बिल देऊ नका. खचला तर त्याच्याच खर्चाने दुरुस्त करा.

५. कामावर जाता-येता होणारा अपघात कामावरचा अपघात माना. एका साखर कारखान्याच्या रखवालदाराच्या प्रकरणात २९ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कामाशी संबंध सिद्ध होत असेल तर अशा वाटेवरचा अपघात भरपाई कायद्याखाली येतो असे ठरवले आहे. रेल्वे आणि टपाल कर्मचाऱ्यांना, ग्रामीण डाक सेवकांसह, हेच तत्त्व लागू झाले पाहिजे.

मागण्या छापून भागत नाही. प्रत्येक शाखेने एक वही घालावी. पोस्टमनने बीटवर, रेल्वे कामगाराने घर ते स्टेशन वाटेवर जो धोका पाहिला तो तारीख, जागा आणि जवळच्या खांबाच्या क्रमांकासह त्यात लिहावा. शाखा सचिवाने त्याची लेखी तक्रार करून पोच घ्यावी. पोच असलेली तक्रार उद्या न्यायालयात पुरावा ठरते, कारण मग ‘आम्हाला ठाऊक नव्हते’ असे कोणाला म्हणता येत नाही. स्टेशन आणि टपाल कचेरीच्या आवारातले धोके प्रशासनाबरोबरच्या बैठकीत विषयपत्रिकेवर घ्यावेत. शहरातले सगळे रस्ते आणि सगळे पत्ते आपल्या सभासदांइतके कोणाला पाठ आहेत? ही माहिती एकत्र आली तर कोणत्याही पालिकेचा सर्व्हे तिच्यापुढे फिका पडेल.

‘जपून चाला’ हा उपदेश आम्ही आदरपूर्वक परत करीत आहोत. आमचे सभासद जपूनच चालतात. आता रस्ते ज्यांच्या ताब्यात आहेत त्यांनी ते जपावेत, आणि जपले नाहीत तर नावानिशी जाब द्यावा.

कामगार एकजुटीचा विजय असो!