हरित रुग्णालय आणि उपकल्पनीय अध्याय

‘हरित इमारत’ हा शब्द सांप्रत रुग्णालयांच्या माहितीपत्रकांतून सर्रास दिसतो. आपली पंचकर्म केंद्रेही त्यात मागे नाहीत. परंतु दर्शनी भागास काच, आत अखंड वातानुकूलन आणि गच्चीवर चार सौर पॅनेल, एवढ्याने वास्तू हरित होते काय, याचा विचार वैद्यवर्गाने तरी करावयास हवा.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील पंधराव्या, म्हणजे उपकल्पनीय अध्यायात संशोधनकर्मासाठी घर कसे असावे हे सांगितले आहे. ते दृढ असावे. वाऱ्याचा झोत रुग्णावर येऊ नये, तथापि एका भागात हवा खेळती असावी. धूर, ऊन व धूळ यांचा उपद्रव नसावा. पाणी, स्नानगृह, शौचकूप व पाकगृह यांची सोय असावी. हा अध्याय आपण परीक्षेसाठी पाठ करतो आणि स्वतःचे रुग्णालय बांधताना नेमका विसरतो.

‘सारे आमच्या ग्रंथांत होतेच’ असे म्हणूनही भागणार नाही. ग्रंथाने दिशा दिली. मोजमाप आपणच करावयाचे आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००९ च्या मार्गदर्शिकेत, नैसर्गिक वायुवीजन असलेल्या सामान्य कक्षात दर रुग्णामागे सेकंदाला ६० लिटर हवा मिळावी, अशी शिफारस आहे. समोरासमोर खिडक्या आणि पश्चिमेकडे खोल छज्जा ही त्या दिशेची पहिली, अल्पखर्चाची पावले होत.

पंचकर्मास कढत पाणी भरपूर लागते; ते सौर बंबाने तापविल्यास इंधन वाचते. अभ्यंगानंतरचे तेलकट पाणी थेट शोषखड्ड्यात सोडल्यास खड्डा बुजतो. तत्पूर्वी तेल वेगळे करणारी टाकी हवीच. औषधी भांडारासाठी तर कल्पस्थानातच ओल, धूर, धूळ व उंदीर यांपासून संरक्षणाची अपेक्षा व्यक्त झाली आहे. औषधनिर्मात्यांनी भिंतीची ओल प्रथम थांबवावी, यंत्राचा विचार नंतर करावा.

प्रमाणपत्रास आमचा विरोध नाही. परंतु ते शेवटी यावे. आराखड्यावर स्वाक्षरी करण्यापूर्वी प्रत्येक वैद्याने वास्तुविशारदास एकच प्रश्न विचारावा : वैशाखातील दुपारी वीज गेली, तर माझा रुग्ण या खोलीत तासभर सुखाने राहू शकेल काय? उत्तर नकारार्थी असेल, तर तो आराखडा परत करावा.