पत्ता नसलेला नकाशा काय कामाचा?



हुबळी-धारवाडकडची आपल्या घरातली कॉम्प्युटर शिकणारी मुलं हल्ली उपग्रहाचे फोटो घेऊन तलावांचे नकाशे करतात. उणकल, केळगेरी, सौंदत्तीजवळचा रेणुकासागर, कुठंही पाणी कुठवर आहे ते दिसतं. युरोपच्या सेंटिनेल-२ चे फोटो फुकट मिळतात, एक ठिपका म्हणजे जमिनीवर १० मीटर. काम चांगलंच आहे. पण आमचं मत स्पष्ट आहे: फाईलमध्ये मेटाडेटा नसेल तर तो नकाशा नव्हे, नुसतं चित्र.

मेटाडेटा म्हणजे चित्राचा पत्ता. मुलं जावास्क्रिप्टमध्ये जिओटिफ.जेएस वापरून फाईल लिहितात. त्यात फक्त लांबी-रुंदी दिली तरी फाईल तयार होते, कुठं अडत नाही. पण मग ते सॉफ्टवेअर चित्र अख्ख्या पृथ्वीचं समजतं आणि डावा वरचा कोपरा १८० पश्चिम, ९० उत्तर धरतं. म्हणजे आपला तलाव सगळ्या जगावर पसरला!

हे हसण्यावारी नेऊ नका. उन्हाळ्यात पाणी उतरलं की आतले उंचवटे उघडे पडतात. नकाशातली ती जागा होडीवाल्याच्या मोबाईलच्या जीपीएसशी जुळली, तर पाणी भरल्यावर जाळं वाचतं. ठेक्याच्या वेळी पाणी किती आटलं हे दाखवायचं, तरी पत्ता आणि तारीख लागतेच.

म्हणून प्रत्येक फाईलमध्ये एवढं असावं:

१. मॉडेलटायपॉइंट: कोपऱ्याचे रेखांश-अक्षांश. रेखांश आधी, उलटं नको.
२. मॉडेलपिक्सेलस्केल: एक ठिपका केवढा.
३. मोजणीची पद्धत: अंशात असेल तर ४३२६. सेंटिनेलचा आपल्या भागाचा मूळ फोटो मीटरमध्ये असतो, त्याला ३२६४३. अंश आणि मीटर यांची खिचडी झाली तर सगळंच चुकतं.
४. फोटो काढल्याची तारीख. फाईल बनवल्याची नव्हे.
५. ढगाखालची जागा 'माहिती नाही' अशी. तिथं शून्य टाकलं तर पाणी नाही असा अर्थ निघेल.

आणखी एक. व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून पाठवलं की हा पत्ता गळून पडतो. डॉक्युमेंट म्हणूनच पाठवा.

मुलांनी घेतलेली मेहनत खरी आहे. या पाच ओळी लिहायला पाच मिनिटं लागतात. त्या नसतील तर जाळं फाटल्यावर कुणाला विचारणार? घरात मुलांना हे वाचून दाखवा.