चाकाला कोटिंग कुठलं? आधी नटाची बैठक बघा



काल पुतण्याचा फोन आला. नव्या गाडीच्या अलॉय व्हीलला सिरॅमिक कोटिंग करू का, म्हणून विचारत होता. म्हणलं, कर बाबा, तुझी गाडी डांबरी रस्त्यावर फिरते. चिखल आणि ब्रेकची काळी धूळ पटकन धुऊन निघेल, एवढा फायदा आहे. दगड लागून टवका उडायचा तो उडणारच, ते काही चिलखत नव्हे. मग तो म्हणाला, "काका, ब्लोअरच्या आणि ट्रॉलीच्या डिस्कसुद्धा त्यातच करून टाकू." तिथं मात्र मी त्याला थांबवलं. कारण सगळ्यांच्याच कामाचं आहे, म्हणून इथं लिहितोय.

मागच्या गळीत हंगामाआधी मी ट्रॉलीच्या सगळ्या डिस्क पावडर कोटिंग करून आणल्या. एकदम शोरूममधनं काढल्यासारख्या दिसत होत्या. हंगाम सुरू होऊन पंधरा-वीस दिवस झाले असतील, ड्रायव्हर म्हणाला, मागच्या डाव्या चाकातनं कटकट आवाज येतोय. ट्रॉली उसानं भरलेली, पुढं कॅनॉलचा उतार. उतरून बघितलं तर सहातले तीन नट हातानं फिरत होते आणि डिस्कची भोकं लांबट झालेली. आणखी थोडं पुढं गेलो असतो तर चाक सुटलं असतं. मागनं मोटारसायकलवर कोण येत असेल, सांगता येतं का?

चूक कुणाची? कोटिंगवाल्यानं सगळीकडं सारखी पावडर मारली, हे खरं. पण नटाची बैठक आणि हबला टेकणारा भाग झाकून घे, हे मी त्याला सांगितलंच नव्हतं. नट आवळला की स्टड केसभर ताणला जातो आणि त्या ताणावर चाक धरलेलं असतं. मध्ये रंगाचा थर असला की ओझ्याखाली आणि हादऱ्यानं तो दबतो, चुरतो. थर गेला की ताण गेला, ताण गेला की नट सैल. वरनं रंग चकचकीत असल्यामुळं कुणाला शंकाही येत नाही.

आता आपल्या चाकांना खातं काय, ते बघू. द्राक्षबागेत बोर्डो मारतो आपण. मिश्रण जमलं का बघायला विळा बुडवतो, विळ्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला म्हणतो. तो तांबूस थर म्हणजे विळ्याचं लोखंड विरघळतंय आणि त्याच्या जागी तांबं बसतंय. म्हणूनच मोरचूद आपण प्लास्टिकच्या ड्रममध्ये भिजवतो. डिस्कवर टवका उडालेल्या जागी मोरचुदाचं पाणी सांडलं की तिथंही तेच होतं. पोटॅशमधलं क्लोराईड, हवेतली ओल ओढून घेणारं खत, शेणखताचा ओलावा, हे सगळं त्याच भोकातनं आत शिरतं. उलट बाजूनं बोर्डोतला चुना साध्या ऑइलपेंटला मऊ करतो. म्हणजे रेड ऑक्साईड मारून वर ऑइलपेंटचा एक हात, ही आपली जुनी पद्धत ट्रॉलीला एखादवेळ चालेल, ब्लोअरला टिकत नाही.

मग पावडर कोटिंग वाईट का? अजिबात नाही. थर टणक असतो, सगळीकडं सारखा बसतो. पण ते साधारण १८० ते २०० अंशांच्या भट्टीत भाजावं लागतं, म्हणजे टायर-ट्यूब उतरवणं आलं, तालुक्याला नेणं आलं. आणि एकदा दगडानं टवका उडाला की गंज थराच्या खालनं सरपटत जातो. वरनं फुगलेलं दिसेपर्यंत आत पत्रा खाल्लेला असतो. घरी तसाच थर परत देता येत नाही.

म्हणून माझं स्पष्ट मत असं, की शेतातल्या चाकाला जे कोटिंग आपल्या वस्तीवर दुरुस्त करता येतं, तेच चांगलं. मी आता दोन डब्यांचा इपॉक्सी प्रायमर आणि वर पीयू, एवढंच वापरतो. चिवटपणा आणि लोखंडाला धरून बसणं हे इपॉक्सीचं काम. पण उन्हात ते पांढरं पडून पिठासारखं सुटतं, म्हणून वर पीयू लागतंच. टवका उडाला की तेवढीच जागा घासायची आणि ब्रशनं दोन हात द्यायचे.

पण खरा पैसा आणि वेळ डब्यात नाही, घासण्यात घाला. आधी साबणानं तेल-ग्रीस काढा, मग ग्राइंडरला वायर ब्रश लावून गंज काढा. जवळ सँड ब्लास्टिंगची सोय असेल तर सोन्याहून पिवळं. गंजावर मारलेला महागातला रंगही गंजाबरोबरच सुटतो. लोखंड उघडं केलं की त्याच दिवशी प्रायमर द्या, रात्रभर दव खाऊ देऊ नका. रिमच्या आतली बाजू विसरू नका, तिथल्या गंजाच्या खपल्या ट्यूब फाडतात. टायरमध्ये पाणी भरणाऱ्यांनी व्हॉल्व्हच्या भोकाभोवती जास्तच बघावं.

नटाची बैठक आणि हबला टेकणारी बाजू मात्र कोरी ठेवायची. चिकटपट्टी लावून झाका. चाक चढवल्यावर नट समोरासमोरचे आवळा. पहिल्या दिवसाचं काम झालं की पुन्हा पाना लावा, आठवड्यानं परत एकदा.

दोन गोष्टी जिवाच्या आहेत. पीयूच्या हार्डनरची वाफ फुप्फुसाला घातक असते, तोंडाला टॉवेल बांधून भागत नाही. स्प्रे गन वापरणार असाल तर रंगकामाचा फिल्टरवाला मास्क घ्या आणि उघड्यावर काम करा. आणि टायर चढवलेल्या रिमला वेल्डिंग कधीच करू नका, हवा सोडली असली तरी नाही. आतल्या आत गॅस तयार होऊन टायर बॉम्बसारखा फुटतो.

बरेचजण म्हणतील, आम्ही जळकं ऑइल फासतो, फुकटात काम होतं. फुकट नाही ते. धूळ धरून बसतं, टायरचं रबर मऊ करतं, आणि पुढं रंग द्यायचा म्हणलं तर रंग धरत नाही.

आणि सगळ्यात स्वस्त कोटिंग म्हणजे संध्याकाळचं पाणी. फवारणी किंवा खताचं काम झालं की त्याच दिवशी चाकं धुवा. ज्याला हे जमत नाही, त्याला कुठलाच डबा वाचवणार नाही.

पुतण्याला एवढं सगळं सांगितलं. तो म्हणाला, "मग काका, रंग कुठला घेऊ?" म्हणलं, तुला आवडेल तो घे. आधी पाना घेऊन ये.

तुम्हीही उद्या सकाळी ट्रॉली जोडायच्या आधी एकदा सगळे नट तपासा. किती सैल निघाले ते खाली लिहा. लाजायचं काही कारण नाही, माझे तीन निघाले होते.