दाताची पारख

बेदाण्याच्या पेढीवर नवा मुलगा आला, की जाणता व्यापारी आधी त्याच्या तळहातावर मूठभर माल ठेवतो. रंग, ओलावा, डाग हे सांगून कळत नाही; शेकडो वेळा पाहून, चाचपून नजर तयार होते. दाताची कीड ओळखण्याची विद्याही याच मार्गाने साध्य होते.

आपल्या जिल्ह्यात सांगलीस भारती विद्यापीठाचे आणि कवलापूरला वसंतदादा पाटील यांच्या नावाचे दंत महाविद्यालय आहे. या शिक्षणात विद्यार्थी आरंभी मेणाच्या ठोकळ्यातून दात कोरतो; त्यामुळे दातावरील प्रत्येक खाच त्याच्या परिचयाची होते. पुढे कृत्रिम मस्तकात बसविलेल्या दातांवर तो हत्यारे चालवितो. त्यानंतरच खुर्चीवरील रुग्ण त्याच्यासमोर येतो, तोही शिक्षकांच्या देखरेखीखाली.

पूर्वी टोकदार सळई खाचेत दाबीत आणि ती अडकली, की कीड समजत. त्या दाबाने दाताचे कमकुवत झालेले कवच फुटू शकते, हे पुढे ध्यानात आले. आता दात स्वच्छ करून, सुमारे ५ सेकंद हवेने सुकवून प्रथम डोळ्यांनी पाहावयाचे आणि गोल टोकाची सळई हलकेच फिरवावयाची, असे शिकवितात. ओल्या दातावर लपलेला खडूसारखा पांढरा डाग सुकल्यावर दिसू लागतो. कीड मोजण्याच्या ० ते ६ या आंतरराष्ट्रीय श्रेणीत ही पहिली पायरी होय.

मात्र प्रत्येक पांढरा डाग किडीचा नसतो. पाण्यातील अधिक फ्लोराइडचे डाग बहुधा दोन्ही बाजूंच्या जोडीच्या दातांवर सारखे उमटतात. किडीचा डाग हिरडीलगत किंवा खाचेत, जेथे मळ साचतो तेथे असतो. हा भेद अनेक तोंडे तपासल्यावरच कळतो. तो वेळीच कळला, तर खड्डा पडण्यापूर्वी योग्य उपचार, स्वच्छता आणि गोडाचा संयम यांनी कीड थोपविता येते. एकदा खड्डा पडला, की बहुधा दात कोरून भरावा लागतो.

‘शिकाऊ मुलांच्या हाती तोंड कशाला द्यावे?’ असे आपल्या घरांत सहज म्हटले जाते. परंतु त्या हातामागे अनुभवी शिक्षकांची नजर असते. शिवाय उद्या जतमध्ये दवाखाना थाटणाऱ्या दंतवैद्याची नजर आज कोणाच्या तरी दातांवरच तयार व्हावयाची आहे. मुलांच्या सुट्टीत सांगलीस जाणे होईल, तेव्हा खरेदीच्या यादीत दंततपासणीही अवश्य लिहावी.