पेशी रोग्याची, पैसा जनतेचा. मग मालकी कोणाची?

४ एप्रिल २०२४ रोजी मुंबईतील पवईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते कर्करोगावरील पहिली स्वदेशी जनुकीय उपचारपद्धती देशापुढे ठेवण्यात आली. 'नेक्सकार-१९' हे तिचे नाव. पवईची ही संस्था आणि परळचे टाटा मेमोरियल रुग्णालय यांच्या संशोधकांनी अनेक वर्षे खपून ती सिद्ध केली. त्यांचे अभिनंदन करण्यात आम्ही कोणाच्याही मागे राहू इच्छित नाही. परंतु समारंभाचा मांडव उतरल्यानंतर जो प्रश्न उरतो तो विचारणे हे समाजवाद्यांचे काम आहे. ही उपचारपद्धती राष्ट्राची आहे, असे आपण म्हणतो. तर मग ते राष्ट्र म्हणजे नेमके कोण?

प्रस्तुत लेखक हा अर्थशास्त्राचा विद्यार्थी. जीवरसायनशास्त्र आणि पेशीजीवशास्त्र हे त्याचे विषय नव्हेत. तथापि या शोधाचे अर्थकारण समजावयाचे तर त्यातील विज्ञान थोडे तरी समजून घ्यावेच लागते, आणि ते वाटते तितके दुर्बोध नाही.

आपल्या रक्तात 'टी' नावाच्या श्वेतपेशी असतात. बाहेरून आलेला विषाणू असो वा शरीरातीलच बिघडलेली पेशी असो, शत्रू ओळखून त्याचा नाश करणे हे त्यांचे काम. कर्करोगाची पेशी मात्र घरभेद्यासारखी असते. ती आपल्यांतलीच असल्यामुळे पहारेकऱ्याच्या नजरेतून सुटते. संशोधकांनी यावर उपाय काढला तो असा : रोग्याच्या रक्तातून टी-पेशी वेगळ्या काढावयाच्या, निरुपद्रवी केलेल्या विषाणूच्या पाठीवरून त्यांच्यात एक नवे जनुक पोचवावयाचे, आणि त्या जनुकाच्या आज्ञेने पेशीच्या पृष्ठभागावर एक नवे प्रथिन उगवू द्यावयाचे. हे प्रथिन म्हणजे जणू पहारेकऱ्याला दिलेली नवी दृष्टी. रक्ताच्या काही कर्करोगांत बिघडलेल्या पेशींवर 'सीडी-१९' नावाची खूण असते. ती खूण या दृष्टीला दिसते. अशा पेशी प्रयोगशाळेत कोट्यवधींच्या संख्येने वाढवून त्याच रोग्याच्या शिरेतून परत सोडतात. औषध म्हणून रोग्याला जे मिळते ते त्याच्याच शरीराचे, पण शिकवून तयार केलेले, जिवंत अंश असतात.

सगळ्यांनाच गुण येतो असे नाही. उपचारानंतर तीव्र ताप आणि अन्य गुंतागुंत उद्भवू शकते, आणि त्यासाठी सुसज्ज रुग्णालय जवळ असावे लागते. परंतु ज्यांच्यावर इतर सर्व उपाय थकले होते अशा रोग्यांवर झालेल्या भारतीय चाचण्यांचे जे निष्कर्ष २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले, त्यांत सुमारे ७३ टक्के रोग्यांनी उपचाराला प्रतिसाद दिल्याचे दिसले. हा आकडा ज्याच्या घरात रोगी आहे त्यालाच खऱ्या अर्थाने कळेल.

आता या ज्ञानाची वंशावळ पाहू. टी-पेशीला कृत्रिम ग्राही बसविण्याच्या कल्पनेला १९८९ मध्ये इस्रायलमधील वाइझमन संस्थेतील झेलिग एशहार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आकार दिला. पुढची वीस-बावीस वर्षे हे काम मुख्यतः विद्यापीठांतून आणि अमेरिकी करदात्यांच्या पैशावर चालणाऱ्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेसारख्या संस्थांतून झाले. त्या काळात यात नफा दिसत नव्हता, म्हणून भांडवलही फारसे फिरकले नाही. २०१२ च्या एप्रिलमध्ये फिलाडेल्फियात एका सहा वर्षांच्या मुलीवर हा उपचार झाला. ती बरी झाली, आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाशी नोव्हार्टिस कंपनीचा करार झाला. ३० ऑगस्ट २०१७ रोजी त्या उपचाराला अमेरिकेत परवाना मिळाला. कंपनीने किंमत ठरविली ४ लाख ७५ हजार डॉलर, म्हणजे त्या वेळच्या दराने तीन कोटी रुपयांहून अधिक. त्याच सुमारास याच प्रकारचा उपचार हाती असलेली काइट ही कंपनी गिलियड या दुसऱ्या कंपनीने सुमारे १,१९० कोटी डॉलरना विकत घेतली. जोखीम होती तोवर ज्ञान सार्वजनिक राहिले. फळ धरताच ते खाजगी झाले. अर्थशास्त्राच्या क्रमिक पुस्तकांत नफा हा जोखमीचा मोबदला म्हणून शिकविला जातो. प्रस्तुत लेखकानेही तो तसाच शिकविला आहे. या प्रकरणात जोखीम कोणी घेतली आणि मोबदला कोणी नेला, हे मात्र कोणत्याही पुस्तकाच्या आधाराने समर्थनीय ठरत नाही.

भारतातील हकीगत यापेक्षा पुष्कळ बरी आहे, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. येथे पहिल्या रोग्यावर हा उपचार ४ जून २०२१ रोजी टाटा केंद्राच्या नवी मुंबईतील विभागात झाला. मानवी चाचण्यांसाठी केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाने आपल्या योजनेतून १९ कोटी १५ लाख रुपये मंजूर केले होते. टाटा रुग्णालय १९६२ पासून अणुऊर्जा खात्याच्या अखत्यारीत आहे. पवईची संस्था सरकारी अनुदानावर उभी आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये उपचाराला परवाना मिळाला आणि तो बाजारात आणण्याचे काम पवईच्याच आश्रयाखाली वाढलेल्या एका खाजगी कंपनीकडे गेले. किंमत साधारणतः ३० ते ४० लाख रुपयांच्या घरात राहिली, म्हणजे अमेरिकेतील किमतीच्या सुमारे दशांश. दहापट स्वस्त! या दोन शब्दांवर वृत्तपत्रांनी रकाने भरले.

या दोन शब्दांचा अर्थ आमच्या कार्यकर्त्यांनी नीट ध्यानात घ्यावा. पहिला अर्थ असा की, तीन कोटींची ती किंमत विज्ञानाने ठरविलेली नव्हती. पेशी तीच, प्रथिनही त्याच जातीचे. बदलले ते मालक आणि बाजार. किंमत ही निसर्गाची देणगी नसून माणसांनी घेतलेला निर्णय असतो, याचा याहून सरळ पुरावा शोधूनही मिळणार नाही. दुसरा अर्थ अधिक कटू आहे. २०२४-२५ मध्ये महाराष्ट्रात रोजगार हमीच्या मजुरीचा दर दिवसाला २९७ रुपये होता. वर्षाचे शंभर दिवस काम मिळाले असे धरले, तरी हाती येतात २९,७०० रुपये. सगळी मजुरी एका पैशालाही हात न लावता साठविली, तर ३० लाखांसाठी त्या मजुराला शंभर वर्षे खडी फोडावी लागेल. पंतप्रधान जन आरोग्य योजनेची सर्वसाधारण मर्यादा कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपयांची आहे. ज्याच्या घामावरील अप्रत्यक्ष करांतून प्रयोगशाळेचे दिवे जळतात, त्याच्या मुलाला त्या प्रयोगशाळेतील औषध स्वप्नातही परवडणार नाही. 'दहापट स्वस्त' ही तुलना अमेरिकी किमतीशी आहे. भारतीय मजुरीशी नव्हे.

येथे कोणी म्हणेल, औषधांच्या किमतीची लढाई आपण पूर्वीही लढलो आणि जिंकलो. तीच वाट पुन्हा धरावी. ती वाट कोणती होती? अय्यंगार समितीच्या १९५९ च्या अहवालाचा पाया घेऊन १९७० चा पेटंट कायदा झाला. औषधावर नव्हे, तर ते करण्याच्या कृतीवरच पेटंट देता येईल, असे त्याने ठरविले, आणि त्या छत्राखाली देशी औषधउद्योग वाढला. जागतिक व्यापार करारापायी २००५ मध्ये ते छत्र काढून घ्यावे लागले; तरी डाव्या पक्षांच्या आग्रहाने कायद्याच्या तिसऱ्या कलमात अशी तरतूद झाली की, जुन्याच औषधात किरकोळ फेरफार करून नवे पेटंट मागता येऊ नये. याच तरतुदीवर १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नोव्हार्टिसचा इमॅटिनिबवरील दावा फेटाळला. इमॅटिनिब हेही रक्ताच्या कर्करोगावरील औषध, आणि जीवरसायनशास्त्राचेच अपत्य. कंपनीच्या औषधाला महिन्याला सुमारे १ लाख २० हजार रुपये पडत, तर देशी औषध आठ-दहा हजारांत मिळत होते. तो विजय मोठा होता आणि त्याचा अभिमान आपण बाळगावाच.

परंतु ते हत्यार या लढाईला पुरे पडणारे नाही, हाच या लेखाचा मुख्य मुद्दा आहे. इमॅटिनिब हे रसायन आहे. त्याचे सूत्र मोकळे झाले की दहा कारखाने ते बनवू लागतात, गोळ्यांच्या राशी पडतात आणि किंमत उतरते. पेशीचे औषध असे नसते. एका रोग्याच्या पेशी दुसऱ्याला चालत नाहीत. म्हणून प्रत्येक मात्रा ही स्वतंत्र निर्मिती असते. तिला निर्जंतुक दालन लागते, विषाणू-वाहक लागतो, आठवडे-आठवडे डोळ्यांत तेल घालून पेशी सांभाळणारे तंत्रज्ञ लागतात. येथे सूत्र हाती असूनही दालन हाती नसेल तर सूत्राचा उपयोग नाही. जुन्या औषधांच्या बाबतीत ज्ञान मोकळे करणे पुरेसे होते. यापुढे निर्मितीची साधनेही समाजाच्या हाती असावी लागतील. उत्पादनसाधनांच्या मालकीचा जो प्रश्न कालबाह्य झाला असे आम्हाला गेली तीस-पस्तीस वर्षे ऐकविण्यात येत आहे, तो पेशीजीवशास्त्राने असा प्रयोगशाळेच्या दारातून पुन्हा आणून उभा केला आहे.

हे स्वप्नरंजन नव्हे. स्पेनमधील बार्सिलोना येथील क्लिनिक या सार्वजनिक रुग्णालयाने याच जातीचा उपचार स्वतः विकसित केला. युरोपीय कायद्यातील रुग्णालयांसाठी असलेल्या सवलतीचा आधार घेऊन फेब्रुवारी २०२१ मध्ये स्पेनच्या औषध नियंत्रकांनी त्याला मान्यता दिली. रुग्णालयातच पेशी घडतात आणि रुग्णालयातच दिल्या जातात. खर्च पडतो सुमारे ८९ हजार युरो, म्हणजे कंपन्यांच्या किमतीच्या साधारणतः तृतीयांश. आणि तो सार्वजनिक आरोग्यव्यवस्था सोसते.

आपल्याकडे तर या परंपरेसाठी बार्सिलोनाकडे पाहण्याचीही गरज नाही. टाटा रुग्णालयाच्या परिसरातच हाफकिन संस्था उभी आहे. प्लेगने मुंबई हादरली असता वाल्डेमार हाफकिन यांनी १० जानेवारी १८९७ रोजी आपली लस प्रथम स्वतःला टोचून घेतली. त्यांच्या प्रयोगशाळेतून वाढलेल्या संस्थेने पिढ्यान्‌पिढ्या लसी आणि सर्पविषावरील औषधे पुरविली. १९५४ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या साहाय्याने पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली आणि पेनिसिलीन या देशात सार्वजनिक कारखान्यात बनू लागले. हे उद्योग पुढे का खंगले, याचे उत्तर एका शब्दात देता येणार नाही. त्यांतील नोकरशाहीचे दोष आम्ही झाकू इच्छित नाही. पण गुंतवणूक थांबवावयाची, यंत्रे जुनी होऊ द्यावयाची, आणि मग सार्वजनिक क्षेत्र अकार्यक्षम आहे म्हणून हाकाटी करावयाची, ही रीतही आपण जवळून पाहिली आहे.

आमच्याच काही सहकाऱ्यांचा एक आक्षेप येथे विचारात घेतला पाहिजे. ते म्हणतात, ज्या देशात क्षयाने आणि कुपोषणाने माणसे मरतात तेथे असल्या महागड्या विज्ञानाची चैन समाजवाद्यांनी का पुरस्कारावी? भावना प्रामाणिक आहे; निष्कर्ष चुकीचा आहे. गरिबाला क्षयाची गोळी आणि श्रीमंताला पेशींचा उपचार, ही विभागणी एकदा मान्य केली की गरिबाच्या जिवाची किंमत आपणच ठरवून टाकतो. शिवाय पेशीचे ज्ञान एकसंध आहे. जी विद्या कर्करोगाला उपयोगी पडते तीच क्षयाच्या संशोधनालाही लागते. खरी उणीव वेगळीच आहे. २०२०-२१ मध्ये देशाचा संशोधनावरील एकूण खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.६४ टक्के होता. आरोग्यावरील सरकारी खर्च २०२१-२२ मध्ये १.८४ टक्के होता; तो २०२५ पर्यंत अडीच टक्क्यांवर नेण्याचे वचन २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात सरकारनेच दिले होते. ताट मुळातच रिकामे असताना दोन भुकेल्यांनी एकमेकांच्या घासाकडे पाहण्यात अर्थ नाही.

तेव्हा मागणी स्पष्ट असावी. ज्या संशोधनात जनतेचा पैसा आहे, त्याच्या हस्तांतराचा करार जनतेला वाचावयास मिळाला पाहिजे, आणि उत्पादनाचा खरा खर्च व कमाल किंमत यांच्या अटी त्या करारातच असल्या पाहिजेत. सार्वजनिक रुग्णालयांत आणि हाफकिनसारख्या संस्थांत पेशी-उपचारांची निर्मितीदालने सरकारने उभारली पाहिजेत. तेथील तंत्रज्ञ कंत्राटी नव्हे, कायम नोकरीत असले पाहिजेत. आणि ज्या रोग्याला या उपचाराचा उपयोग होईल असे सरकारी वैद्यक ठरवतील, त्याचा खर्च विम्याच्या मर्यादेकडे बोट न दाखविता शासनाने सोसला पाहिजे. जिल्ह्याजिल्ह्यांतील आमच्या कार्यकर्त्यांनी आरोग्याच्या मोर्च्यांत औषधांच्या तुटवड्याबरोबर याही मागण्या मांडाव्यात. त्या तज्ज्ञांच्या मागण्या नाहीत. त्या करदात्यांच्या आहेत.

परळला टाटा रुग्णालयाबाहेरच्या पदपथावर गावोगावची माणसे पथारी टाकून असतात. ज्यांचे नशीब बरे त्यांना दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जागा मिळते. गाडगेबाबांनी गोरगरिबांसाठीच धर्मशाळा बांधल्या होत्या. प्रयोगशाळेतील औषध त्या पदपथावर पोचते की नाही, यावरूनच 'राष्ट्राची उपचारपद्धती' या शब्दांचा खरेखोटेपणा ठरेल. पेशी रोग्याची आहे, पैसा जनतेचा आहे, बुद्धी सार्वजनिक संस्थांत घडलेली आहे. मालकीचा प्रश्न एवढ्यावरच सुटावयास हवा होता. तो सुटत नसेल, तर तो सोडविण्यासाठी संघटित व्हावे लागेल.