परदेशवारी सहा महिन्यांची. घर मात्र वाऱ्यावर

अमेरिकेत स्थायिक झालेल्या मुलामुलींकडे पाच-सहा महिने राहून येणे, हा पुण्या-मुंबईतील अनेक निवृत्त दांपत्यांचा आता नेमच झाला आहे. व्हिसा, प्रवासविमा, औषधांच्या चिठ्ठ्या यांची तयारी महिनाभर चालते. घराची तयारी मात्र बहुधा शेवटच्या रात्री, कुलूप दोनदा ओढून पाहण्यापुरतीच.

कुलूप कितीही भक्कम असले, तरी कडी-कोयंडा उचकटण्यास सराईत चोरट्याला फार वेळ लागत नाही. खरा प्रश्न आहे तो घर फुटल्याचे किती दिवसांनी कळते, हा. सोसायटीच्या कॅमेऱ्यांतील चित्रण काही दिवसांनी वा आठवड्यांनी आपोआप पुसले जाते. परतल्यावर घरफोडी उघडकीस आली, तर तपासाला हाती काहीच लागत नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३३१ नुसार चोरीच्या उद्देशाने दिवसा केलेल्या घरफोडीला कमाल १० वर्षे, तर सूर्यास्तानंतर व सूर्योदयापूर्वी केलेल्या घरफोडीला कमाल १४ वर्षे कारावास होऊ शकतो. जेथे महिना कोणता हेच सांगता येत नाही, तेथे दुपार की रात्र हे कोण ठरविणार?

बातमी परदेशात वेळेवर पोहोचली, तरी अडचण संपत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार इलेक्ट्रॉनिक माध्यमातूनही पोलिसांना गुन्ह्याची माहिती देता येते. मात्र माहिती देणाऱ्याने तीन दिवसांत तिच्यावर स्वाक्षरी करावी लागते. न्यू जर्सीत बसलेल्या गृहस्थांना हे कसे जमावे? फिर्याद घरमालकानेच द्यावी असे बंधन अर्थातच नाही. शेजारी किंवा नातेवाईकही ती देऊ शकतात. पण कपाटात काय होते, हे त्यांना ठाऊक नसते. दागिन्यांची छायाचित्रे व पावत्यांच्या प्रती एखाद्या विश्वासू नातेवाइकाकडे ठेवण्याचे महत्त्व येथे कळते.

विम्याच्या भरवशावर निर्धास्त राहणाऱ्यांनी अटी पुन्हा वाचाव्यात. घर सलग सात दिवस-रात्र निर्मनुष्य राहणार असेल आणि कंपनीची पूर्वसंमती घेतलेली नसेल, तर संरक्षण मिळत नाही, अशी अट अनेक चोरीविम्यांत असते. २०२१ पासून उपलब्ध असलेल्या ‘भारत गृह रक्षा’ या प्रमाणित पॉलिसीच्या मूळ संरक्षणात तर सर्वसाधारण घरफोडी येतच नाही. बँकेचे लॉकर अधिक सुरक्षित खरे. पण रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार चोरी झाल्यास बँकेचे दायित्व वार्षिक भाड्याच्या शंभरपटीपर्यंतच असते. तीन हजार रुपये भाडे असेल, तर तीन लाख.

घरात कॅमेरे बसविणाऱ्यांची संख्या वाढली आहे. गंमत अशी, की निघताना खबरदारी म्हणून मेन स्विच बंद केला जातो आणि त्याबरोबर वायफाय व कॅमेराही झोपी जातो. भर दुपारीही जळणारा दिवाणखान्यातील दिवा, साचलेली पत्रे, वाळून गेलेली तुळस या खुणा टेहळणी करणाऱ्याला पुरेशा असतात. विमानतळावरील छायाचित्र तत्काळ सर्वांना दाखविण्याची हौस त्यांत भर घालते.

आंध्र प्रदेशात पोलिसांनी बंद घरांवर नजर ठेवण्यासाठी योजना आखून, अर्ज करणाऱ्याच्या घरात कॅमेरा बसविण्याची सोय केली. आपल्याकडेही पोलीस ठाण्यात लेखी कळवून जाता येते, पण तेवढी तसदी फारसे कोणी घेत नाही. पूर्वी शेजारच्या काकूंकडे किल्ली असे. त्या कुंड्यांना पाणी घालीत आणि दाराची कडी जागेवर आहे ना, हेही रोज पाहत. आज ते काम पैसे देऊन का होईना, कोणाकडे तरी सोपवावे लागेल. केवळ पहारेकऱ्याला सांगून भागणार नाही; सहा महिन्यांत तोच बदललेला असतो.