शोक ओसरल्यानंतर

२२ मार्च २००९. ब्रिटनमध्ये त्या रविवारी मातृदिन होता. त्याच दिवशी पहाटे जेड गुडी या २७ वर्षांच्या दूरचित्रवाणी तारकेने एसेक्समधील आपल्या घरी अखेरचा श्वास घेतला. विवाह होऊन अवघा एक महिना झाला होता. मागे राहिलेली तिची दोन मुले पाच आणि चार वर्षांची होती. अंत्ययात्रेच्या दिवशी हजारो लोक रस्त्याच्या दुतर्फा उभे राहिले. तरुण पत्नी आणि आई अकाली जाते तेव्हा समाज हळहळतो. प्रश्न असतो तो या हळहळीचे पुढे काय होते, हा.

भारतीयांना जेड परिचित होती ती वेगळ्याच कारणाने. जानेवारी २००७ मध्ये ब्रिटनमधील ‘सेलिब्रिटी बिग ब्रदर’ या कार्यक्रमात शिल्पा शेट्टीवर झालेल्या वंशद्वेषी शेरेबाजीमुळे ती टीकेची धनी झाली. पुढच्याच वर्षी, ऑगस्ट २००८ मध्ये, शिल्पा सूत्रसंचालन करीत असलेल्या ‘बिग बॉस’साठी ती लोणावळ्यात आली आणि तेथेच आपल्याला गर्भाशयमुखाचा कर्करोग झाल्याचे तिला समजले. नंतरचे सात महिने तिने कॅमेऱ्यासमोर काढले. मृत्यूचा बाजार मांडल्याची टीका झाली, तेव्हा हा पैसा मुलांच्या भवितव्यासाठी असल्याचे तिचे उत्तर होते.

या उघड्यावरच्या आजारपणाने एक मोठे काम केले. २००८ च्या मध्यापासून वर्षभरात इंग्लंडमध्ये नेहमीपेक्षा सुमारे पाच लाख अधिक स्त्रियांनी गर्भाशयमुखाची तपासणी करून घेतली. मात्र भावनेची लाट जशी येते तशीच ओसरते. २०१८ पर्यंत तेथील तपासणीचे प्रमाण ७१ टक्क्यांच्या आसपास घसरले होते. टिकले ते व्यवस्थेने केलेले काम. सप्टेंबर २००८ मध्ये ब्रिटनने १२-१३ वर्षांच्या मुलींना एचपीव्ही या विषाणूविरुद्धची लस शाळाशाळांतून देण्यास प्रारंभ केला होता. त्या वयात लस मिळालेल्या मुलींच्या पिढीत या कर्करोगाचे प्रमाण ८७ टक्क्यांनी घटल्याचे २०२१ मध्ये ‘लॅन्सेट’ने प्रसिद्ध केले.

महाराष्ट्राचा या कथेशी असलेला संबंध लोणावळ्यापुरता नाही. जेडच्या मृत्यूनंतर अकराच दिवसांनी, २ एप्रिल २००९ रोजी, ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यातील एका अभ्यासाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ३० ते ५९ वयोगटातील सुमारे १ लाख ३१ हजार ग्रामीण स्त्रियांचा त्यात समावेश होता. एचपीव्हीची एकदाच चाचणी झालेल्या गटात आठ वर्षांत या कर्करोगाने ३४ मृत्यू झाले. तुलनेसाठी ठेवलेल्या, जवळपास तेवढ्याच मोठ्या गटात ६४. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत टाटा रुग्णालयाने केलेल्या दीर्घ अभ्यासात तर प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी केलेल्या साध्या व्हिनेगर चाचणीनेही मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची ‘सर्व्हावॅक’ ही देशी लस २०२३ मध्ये उपलब्ध झाली. म्हणजे ज्ञान महाराष्ट्राच्या मातीत तयार झाले आणि साधनही.

तरीही २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातील ३० ते ४९ वयोगटातील केवळ १.९ टक्के स्त्रियांची ही तपासणी आयुष्यात एकदा तरी झाली होती. २०२२ मध्ये या कर्करोगाने भारतात सुमारे ८० हजार स्त्रियांचा बळी घेतल्याचा आंतरराष्ट्रीय अंदाज आहे. मनुष्यबळाची आणि निधीची चणचण हे त्याचे एक कारण. दुसरे कारण घरात आहे. बाईने दुखणे अंगावर काढायचे, हा अलिखित नियम. अवेळी रक्तस्राव, पांढरे जाणे, ओटीपोटातले दुखणे याविषयी बोलायचे नाही, आणि बोललेच तर मुलांच्या परीक्षा, सासूबाईंचे पथ्य, घरातले कार्य उरकल्यावर. ती गेल्यानंतर शोकसभेत तिचे कौतुकही त्याच शब्दांत होते: कधी कुरकूर केली नाही, शेवटपर्यंत हसतमुखाने सारे सोसले. ज्या सोसण्याने तिचा घात केला, तोच तिचा गुण म्हणून लेकीसुनांसमोर ठेवला जातो.

जागतिक आरोग्य संघटनेने २०३० साठी उद्दिष्टे ठरविली आहेत: वयाच्या पंधराव्या वर्षापर्यंत ९० टक्के मुलींना लस, ७० टक्के स्त्रियांची पस्तिशीत आणि पुन्हा पंचेचाळिशीत तपासणी, आणि दोष आढळलेल्या ९० टक्के स्त्रियांवर उपचार. ती गाठण्याची जबाबदारी शासनाची आहे, यात शंका नाही. परंतु तपासणीची तारीख घरातील कार्यापुढे ढकलायची की कार्य तारखेपुढे, हा निर्णय कोणतेही शासन घेऊ शकत नाही. अकाली गेलेल्या आईला खरी श्रद्धांजली वाहायची असेल, तर तिच्या सोसण्याचे गोडवे गाणे थांबवून घरातल्या हयात स्त्रीला दवाखान्यात नेले पाहिजे. तेराव्या दिवशी शोक संपतो. आईविना वाढणाऱ्या मुलांचे आयुष्य त्यानंतर सुरू होते.